काउंटीच्या दप्तरातली मृत्युनोंद

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी या गावी एक जुनी स्मशानभूमी आहे. तिथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाची शिळा उभी आहे. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांचा रक्षावशेष अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवला, म्हणून ही शिळा तिथे आहे. पकिप्सी हे डचेस काउंटीचं मुख्य ठिकाण. शिळा वाचून कुणी तिथल्या कार्यालयाकडे आनंदीबाईंचा मृत्युदाखला मागितला, तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही.

कारण सरळ आहे. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे घडला तिथे. माणूस कुठला राहणारा होता, त्याला कुठे पुरलं, त्याचं कुटुंब कुठे आहे, या गोष्टींनी दाखल्याचं ठिकाण ठरत नाही. आपल्याकडच्या १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं तत्त्वही हेच आहे. तरीही अमेरिकेतल्या मृत्युनोंदी शोधणारे असंख्य लोक पहिलं पत्र चुकीच्या काउंटीला पाठवतात, कारण त्यांच्या हाताशी असतो तो थडग्याचा फोटो किंवा घराचा जुना पत्ता.

हँक विल्यम्स या विख्यात गायकाचं उदाहरण घ्या. तो अलाबामाचा. त्याचं दफनही अलाबामातल्या माँटगोमेरीला झालं. १९५३ सालच्या पहिल्या दिवशी तो ओहायोतल्या कँटनला कार्यक्रमासाठी मोटारीने चालला होता. मागच्या सीटवर तो निष्प्राण पडला आहे हे ध्यानात आलं, तेव्हा गाडी वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल या लहानशा गावी पोचली होती. वाटेत नेमका कुठे त्याचा प्राण गेला हे खात्रीने सांगता येण्यासारखं नव्हतं. मृत्यू लक्षात आला ते ठिकाण कागदावर चढलं आणि एका अलाबामाकराचा दाखला वेस्ट व्हर्जिनियाच्या दप्तरात जमा झाला.

काउंटी म्हणजे नेमकं काय?

काउंटी हा अमेरिकेतल्या राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आपल्या तालुक्याची आणि जिल्ह्याची कामं तिथे एकत्र आलेली दिसतात. देशभरात काउंट्या आणि त्यांच्या बरोबरीचे विभाग मिळून संख्या ३,१००च्या वर जाते. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. काउंट्यांच्या आकारात प्रचंड फरक आहे. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत अवघी ६४ माणसं मोजली गेली. टेक्सासात ८,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत काउंटीचा क्लार्क आणि जिल्हा न्यायालयाचा क्लार्क ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे देता येतात. साउथ डकोटातल्या ओग्लाला लकोटा काउंटीला तर स्वतःचं मुख्य ठिकाणच नाही. तिचं कामकाज शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीतल्या हॉट स्प्रिंग्ज गावातून चालतं. २०१५पर्यंत या काउंटीचं नाव शॅनन होतं. त्यामुळे जुने कागद शोधताना नावही जुनंच घ्यावं लागतं.

मृत्यूच्या वह्या काउंटीत कुणाच्या ताब्यात असतील, हेही राज्यागणिक बदलतं. टेक्सास आणि मिशिगनमध्ये काउंटी क्लार्क, विस्कॉन्सिनमध्ये खरेदीखतांची नोंद ठेवणारा रजिस्टर ऑफ डीड्स, इंडियानात काउंटीचं आरोग्य खातं. ओहायोत जुन्या वह्या प्रोबेट न्यायालयाकडे, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे होत्या. व्हर्माँट, मॅसॅच्युसेट्स अशा ईशान्येकडच्या राज्यांत काउंटीचा संबंधच येत नाही. तिथे गावाचा टाउन क्लार्क नोंद ठेवतो. यासाठी अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र एक राज्यवार मार्गदर्शिका प्रसिद्ध करतं. कोणत्या राज्यात कोणत्या सालापासूनच्या नोंदी आहेत, अर्ज कुठे करायचा आणि शुल्क किती, हे त्यात असतं. शोधाची पहिली पायरी हीच.

साल सगळ्यात महत्त्वाचं

अमेरिकेत मृत्युनोंदणी हा केंद्राचा विषय नाही, राज्यांचा आहे. मॅसॅच्युसेट्सने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच राज्यभर नोंदणी सुरू केली. बाकीची राज्यं आपापल्या सवडीने आली. १९०० साली केंद्राच्या जनगणना खात्याने दरवर्षी मृत्यूंची आकडेवारी गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्यात १० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन एवढीच होती. शेवटचं टेक्सास सामील झालं ते १९३३ साली. म्हणजे एकाच आठवड्यात वारलेल्या दोन भावांपैकी एकाची सविस्तर नोंद असेल आणि राज्याच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या दुसऱ्याची मुळीच नसेल, असं सहज घडू शकतं.

ओहायोत १८६७पासून काउंटीच्या प्रोबेट न्यायालयात मृत्यू नोंदवले जात. २० डिसेंबर १९०८ला ही पद्धत बदलली आणि राज्य पातळीवरचे दाखले सुरू झाले. त्या तारखेच्या आधीच्या मृत्यूसाठी काउंटी, नंतरच्यासाठी राज्य. पेनसिल्व्हेनियात काउंटीच्या नोंदी १८९३ ते १९०५ या काळातल्या मिळतात आणि १९०६पासून राज्याचे दाखले. मिसूरीत १८८३मध्ये काउंटी क्लार्कवर जबाबदारी टाकली गेली, पण दहाएक वर्षांतच ती पद्धत मागे पडली. राज्यव्यापी नोंदणी आली १९१०मध्ये. आज तेच मिसूरी राज्य ५० वर्षांहून जुन्या दाखल्यांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट दाखवतं.

व्हर्जिनियाचा इतिहास आणखी बोलका आहे. तिथे १८५३च्या कायद्याने जन्म-मृत्यू टिपण्याचं काम करआकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे आलं. वर्षातून एकदा तो मालमत्तेची मोजदाद करत घरोघर फिरे आणि त्याच फेरीत गेल्या वर्षात घरात कोण वारलं ते विचारून घेई. घरच्यांच्या स्मरणावर उभी राहिलेली ही नोंद. तारखा चुकत, तान्ही मुलं राहून जात. तेव्हा गुलामगिरी चालू होती. गुलाम माणूस मेला तर त्याची नोंद मालकाच्या नावापुढे होई, कित्येकदा फक्त पहिल्या नावाने, तर कधी तेवढंही नाही. आज ज्या आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांना आपले पूर्वज शोधायचे आहेत, त्यांना या वह्यांत आधी मालकाचं नाव शोधावं लागतं. माणूस आपल्या नावाने सापडत नाही. त्याला विकत घेणाऱ्याच्या नावाने सापडतो. तरीही या वह्यांचं मोल मोठं आहे, कारण पुष्कळांच्या बाबतीत त्यांच्या अस्तित्वाचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

१८५३च्या कायद्याची ही पद्धत १८९६मध्ये बंद पडली. पुढची राज्यव्यापी नोंदणी सुरू झाली १४ जून १९१२ला. मधली जवळपास १६ वर्षं व्हर्जिनियाच्या खेड्यापाड्यांत सरकारी मृत्युनोंदच नाही. १९०५ साली तिथे वारलेल्या माणसाचा दाखला मागणाऱ्याने कितीही वेळा शुल्क भरलं, तरी उत्तर नकाराचंच येणार.

दुसरा धोका आगीचा. व्हर्जिनियात ‘जळालेल्या काउंट्या’ असा एक वर्गच अभ्यासकांनी मानला आहे. यादवी युद्धात कोर्टाच्या इमारती जळाल्या. हॅनोव्हरसारख्या काउंटीने आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून राजधानी रिचमंडला हलवले, आणि ३ एप्रिल १८६५ला रिचमंडच पेटलं. पण १८५३च्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. मृत्युनोंदींची एक प्रत काउंटीत राही आणि दुसरी रिचमंडच्या हिशेबनीसाकडे जाई. म्हणून काउंटीच्या कार्यालयातून ‘आमची वही जळाली’ असं उत्तर आलं, तरी शोध तिथे थांबवू नये. राज्याच्या पुराभिलेखागारात दुसरी प्रत आहे का, हे विचारावं.

लेफ्लोर काउंटीचा एक कागद

ग्रामीण काउंटीतला एक मृत्युदाखला किती बोलू शकतो आणि किती लपवू शकतो, हे पाहायचं तर मिसिसिपीच्या लेफ्लोर काउंटीत जावं लागतं. ब्लूज गायक आणि गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुड गावाजवळ वारला. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासात त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली होती. जगभरच्या संगीतावर पुढे त्यांचा खोल ठसा उमटला. पण तो गेला तेव्हा बाहेर कुणाला पत्ताही नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीसाठी तिचे आयोजक जॉन हॅमंड यांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा तो हयात नसल्याचं त्यांना कळलं.

पुढची तीन दशकं त्याच्या मृत्यूभोवती दंतकथाच वाढल्या. गेल डीन वॉर्डलो हे मिसिसिपीत खेडोपाडी हिंडून जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारे संशोधक. चार्ली पॅटन या आणखी एका थोर ब्लूज गायकाचा मृत्युदाखलाही त्यांनीच शोधून काढला होता. मिसिसिपीत राज्यव्यापी नोंदणी नोव्हेंबर १९१२मध्ये सुरू झाली होती, म्हणजे जॉन्सनचा दाखला असायला हवा होता. १९६८ साली तो वॉर्डलो यांच्या हाती लागला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘डॉक्टर नाही’.

कागदाची मागची बाजू मात्र आणखी अनेक वर्षं अंधारात राहिली. १९९०च्या दशकात वॉर्डलो यांना ती मिळाली. काउंटीच्या नोंदणी अधिकारी कॉर्नेलिया जॉर्डन यांनी चौकशी करून तिथे टिपण लिहिलं होतं. ज्या गोऱ्या मळेवाल्याच्या जमिनीवर जॉन्सन वारला, त्याच्याशी त्या बोलल्या होत्या. हा माणूस नाचगाण्यात वाजवायला दोन-तीन आठवड्यांपूर्वी आला होता, तो आपल्याकडे कामाला नव्हता म्हणून डॉक्टर बोलावला नाही, त्याला सिफिलिस झाला असावा असं आपलं मत आहे, असं मळेवाल्याने सांगितलं. पुरण्यासाठी साधी हाती बनवलेली पेटी काउंटीने दिली, हेही त्या टिपणात आहे.

या एका कागदात सगळ्या मृत्युनोंदी वाचण्याचे धडे आहेत. दाखल्याच्या दोन्ही बाजूंची प्रत मागावी, हा पहिला. दाखला हा अनेक तोंडांनी बोलतो, हा दुसरा. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, व्यवसाय ही माहिती घरचा किंवा शेजारचा कुणी देतो. मृत्यूचं कारण डॉक्टर किंवा कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, लिहितो. दफनाचा तपशील अंत्यविधी करणारा भरतो. मृत्यूची तारीख बहुधा खरी निघते, जन्माची चुकू शकते, कारण ती सांगणारा जन्माच्या वेळी हजर नव्हता. आणि मळेवाल्याचं मत हे निदान नव्हे. त्या मताला वैद्यकीय आधार काहीही नव्हता, तरी ते सरकारी कागदावर कायमचं बसलं. दाखल्यावर दफनाची जागा झायन चर्च अशी आहे. त्या भागात या नावाची चर्च एकाहून जास्त. आज जॉन्सनच्या नावाच्या शिळा तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या आहेत.

जुन्या नोंदींतली रोगांची नावंही समजून घ्यावी लागतात. कन्झम्प्शन म्हणजे क्षय, लंग फिव्हर म्हणजे न्यूमोनिया, ड्रॉप्सी म्हणजे अंगावर पाणी साचून आलेली सूज, समर कम्प्लेंट म्हणजे उन्हाळ्यात लहान मुलांना होणारा अतिसार.

अर्ज कसा करावा

ग्रामीण काउंटीच्या कार्यालयात दोन-तीन माणसं असतात. लग्नाचे परवाने, जमिनीचे दस्तऐवज, निवडणुकीची कामं, मोटारींची नोंदणी यांतलं बरंच काही त्यांच्याच टेबलावर येतं. ‘आमच्या घराण्याबद्दल जे असेल ते पाठवा’ अशा पत्राला तिथून उत्तर येण्याची शक्यता फार कमी. एका पत्रात एकाच व्यक्तीची, नेमकी मागणी करावी.

अर्जात एवढ्या गोष्टी हव्यात: मृताचं पूर्ण नाव आणि माहीत असलेली वेगळी स्पेलिंगं, विवाहित स्त्री असल्यास माहेरचं नाव, मृत्यूची तारीख, आणि ती ठाऊक नसेल तर ‘१८९४ ते १८९७’ अशी मर्यादा, मृत्यूचं ठिकाण, आईवडील किंवा जोडीदाराचं नाव, अर्जदाराचं नातं, आणि प्रत कशासाठी हवी ते. ओळखपत्राची झेरॉक्स, ठरलेलं शुल्क आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं. लहान कार्यालयांत पैसे मनी ऑर्डरने घेण्याची पद्धत अजून आहे, कार्ड चालेलच असं नाही. बरीच कार्यालयं शोधण्याचंच शुल्क घेतात. नोंद सापडली नाही तरी ते परत मिळत नाही. अशा वेळी ‘नोंद आढळली नाही’ असं लेखी पत्र मागून घ्यावं. न्यायालयात किंवा विमा कंपनीकडे तेही कामाला येतं.

प्रतीचे प्रकार दोन. शिक्का-सहीची प्रमाणित प्रत कायदेशीर कामासाठी लागते आणि ती साधारणपणे जवळचे नातेवाईक किंवा हक्कसंबंध दाखवू शकणारे लोक यांनाच देतात. वंशावळीच्या अभ्यासासाठी साधी प्रत पुरते आणि पुष्कळदा ती स्वस्तही असते. जुन्या नोंदी कधी सर्वांना खुल्या होतात, हे राज्य ठरवतं. टेक्सास आणि व्हर्जिनियात मृत्यूनंतर २५ वर्षांनी, पेनसिल्व्हेनिया आणि मिसूरीत ५० वर्षांनी. फ्लोरिडात मृत्यूचं कारण ५० वर्षं गोपनीय राहतं, म्हणून तिथे कारणासह आणि कारणाविना अशा दोन प्रती मिळतात.

पत्र पाठवण्याआधी आणखी एक गोष्ट करावी. यूटातल्या फॅमिलीसर्च या संस्थेने १९३८पासून जगभरातल्या दप्तरांचं मायक्रोफिल्म चित्रण केलं आणि २०२१मध्ये आपल्या सुमारे २४ लाख फिल्मच्या रिळांचं डिजिटायझेशन पूर्ण केलं. अमेरिकेतल्या असंख्य काउंट्यांच्या वह्या त्यात आहेत. सगळ्यांची नावनिहाय सूची झालेली नाही. म्हणून नावाने शोधून काही आलं नाही, तर संस्थेच्या तालिकेत काउंटीचं नाव घालून वहीची पानं स्वतः उलटावीत. जी नोंद यंत्राला सापडली नाही, ती डोळ्यांना सापडते.

काउंटीच्या सीमाही तपासाव्यात. एका मोठ्या काउंटीतून पुढे दोन-तीन नव्या काउंट्या निघाल्या, असं पश्चिमेकडे वस्ती सरकत असताना वारंवार घडलं. शेत तेच राहिलं आणि दप्तर बदललं. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात हव्या त्या तारखेची सीमा पाहता येते.

नोंदच नसेल तर

१८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार जनगणनांच्या वेळी अमेरिकेत मृतांची वेगळी यादी केली गेली. १ जूनच्या आधीच्या १२ महिन्यांत वारलेल्यांची नावं, वय, महिना आणि कारण त्यात आहे. दर दहा वर्षांतलं एकच वर्ष असं पकडीत येतं, पण जिथे दुसरं काही नाही तिथे तेही मोठं धन. काउंटीच्याच इमारतीत मृत्युपत्रांच्या फायली, कोरोनरच्या चौकशीचे कागद आणि अनाथ-निराधारांसाठी चालवलेल्या पुअर फार्मच्या वह्या असू शकतात. अंत्यविधी करणाऱ्या जुन्या दुकानांचे हिशेब, चर्चची दफनवही आणि गावच्या साप्ताहिकातली निधनवार्ता हेही पाहावं.

विसाव्या शतकातल्या मृत्यूंसाठी सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेच्या नोंदी आहेत. त्यांची मृत्युसूची मुख्यतः १९६२नंतरची. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी माणसाने स्वतः भरलेल्या मूळ अर्जावर आईवडिलांची नावं असतात, आणि ती त्याने स्वतः लिहिलेली असल्यामुळे दाखल्यावरच्या नावांपेक्षा अधिक विश्वासार्ह.

आजच्या मराठी कुटुंबांसाठी

हा विषय मराठी वाचकाच्या घरापर्यंत येतो तो दुसऱ्या वाटेने. मुलाकडे अमेरिकेत गेलेले आईवडील तिथेच वारतात, आणि इकडे सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेची खाती, सोसायटीचं हस्तांतरण सगळं त्या एका दाखल्यावर अडतं. अशा वेळी तिथली प्रमाणित प्रत राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसारचं प्रमाणीकरण, करून घेतली की ती भारतात चालते. भारत या करारात २००५पासून आहे. काही राज्यांत स्थानिक कार्यालयाने दिलेल्या प्रतीवर आधी काउंटी क्लार्कचं प्रमाणीकरण लागतं, म्हणून घाई करण्याआधी त्या राज्याचा नियम वाचावा. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर भारतीय वकिलातीतही मृत्यूची नोंद करता येते. १९६९च्या कायद्याच्या कलम २०मध्ये परदेशातल्या अशा नोंदींची तरतूद आहे.

दाखल्यासाठी माहिती देणाऱ्याने नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट द्यावं. दाखल्यावर ‘एस. पाटील’ आणि सातबाऱ्यावर ‘शांताबाई दत्तात्रय पाटील’ असेल, तर दोन्ही एकच हे सिद्ध करण्यात महिने जातात. दाखल्याचा मसुदा अंत्यविधी करणारी संस्था कुटुंबाला दाखवते, तेव्हा दुःखाच्या त्या घटकेतही कुणीतरी एकाने तो अक्षर न् अक्षर वाचावा. प्रमाणित प्रती सुरुवातीलाच पाच-सहा मागून ठेवाव्यात. नंतर भारतातून एकेक मागवणं खर्चाचं आणि वेळखाऊ होतं. आणि घरच्या कागदांत मृत्यूच्या तारखेशेजारी त्या ठिकाणाचं, काउंटीचं आणि राज्याचं नाव आजच लिहून ठेवावं. पुढच्या पिढीतल्या शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागणार आहे.